दार कुठी उघडते?

शाळेत चाळीस वर्षं काढली की माणसाजवळ दोनच गोष्टी साचतात. एक खडूचा खोकला आणि दुसरे किस्से. खोकल्यावर डॉक्टर काहीतरी गोळी देतो, किश्शांवर कोणाकडेच इलाज नाही! लग्नाच्या पंगतीत, मोटार स्टँडवर, एकदा तर चक्क मयतीत मला एकानं कोपरखळी मारून म्हटलं, "मास्तर, तो दाराचा सांगा ना जी." मयत कोणाची होती ते सांगत नाही. गावाचंही नाव सांगत नाही. ब्रह्मपुरीकडचा एक कसबा समजा. तिथं माझे व्याही राहतात आणि मला अजून त्यांच्याकडे जेवायला जायचं असते.

काळ पन्नास सालानंतरचा. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर. मी एकवीस वर्षांचा, नवीन मास्तर. डोक्यावर टोपी, पोटात भीती.

गावाची रचना सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. गावाच्या मधून सडक. सडकेच्या वरच्या अंगाला पक्की घरं, म्हणजे दुकानदार, वकील, जुने मालगुजार जमीनदार. खालच्या अंगाला नाला. सडक आणि नाला यांच्या मधल्या पट्टीत बुरडपुरा. बांबूच्या टोपल्या, सुपं, चटया करणारी माणसं आणि जंगलातल्या खेड्यांतून कामाला आलेली गोंड कुटुंबं, सगळी तिथं. त्यांच्या घरांची पाठ सडकेला आणि दारं नाल्याकडे. कारण बांबू भिजवायचा नाल्यात, फोडायचा नाल्याकडच्या अंगणात. सडकेशी त्यांना कामच काय?

शाळा दोन. सडकेवरची मोठी शाळा कवेलूच्या छपराची, चार वर्गांची, विहीर असलेली. मी तिथं होतो. आणि नाल्याची शाळा म्हणजे कोंडवाड्याला लागून एक टिनाची शेड, तीन वर्ग, एक मास्तर. तिथं हजेरी घेताना "हजर" कोण म्हणाला, पोट्टा की कोंडवाड्यातली म्हैस, हे त्या बिचाऱ्याला मान वर करून पाहावं लागायचं!

*

पहिला किस्सा कमिटीच्या मीटिंगचा.

आमच्या स्कूल कमिटीवर एक दाजीसाहेब होते. जुने मालगुजार. मालगुजारी गेली होती, पण आवाज राहिला होता. त्या वर्षी त्यांच्या कानावर आलं की बुरडपुऱ्यातली सात पोरं तिसरी पास झाली आणि आता चौथीसाठी मोठ्या शाळेत येणार. याआधी तिकडचं पोट्टं दुसरीतच शाळा सोडून बांबू फोडायला लागायचं, म्हणून प्रश्नच आला नव्हता. दाजीसाहेबांचा नातू बाळू त्याच वर्षी चौथीत. झालं! मीटिंग बोलावली.

आता पंचाईत अशी की नवीन राज्यघटना आलेली. जातीचं नाव कागदावर घालायची सोय नाही. तीन तास चर्चा चालली. कोणी म्हणे नाला ही हद्द ठेवा. तर निघालं की बुरडपुरा नाल्याच्या अलीकडेच आहे. कोणी म्हणे सडक ठेवा. तर वकीलसाहेबांचं नवं घर सडकेच्या खालच्या अंगाला! वकीलसाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

शेवटी दाजीसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "दार! ज्याच्या घराचं दार सडकेकडे उघडते, त्याची पोरं मोठ्या शाळेत. ज्याचं नाल्याकडे, त्याची नाल्याच्या शाळेत. यात जात आली? धर्म आला? काही नाही!"

सगळ्यांनी वाहवा केली. आमचे हेडमास्तर, त्यांना गाव मोठे गुरुजी म्हणायचं, कोपऱ्यात ठराव लिहीत होते. बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी फक्त विचारलं, "दार म्हणजे कोणतं लिहू, दाजीसाहेब?"

"अहो, ज्यातून माणसं आतबाहेर करतात ते! हेडमास्तर असून दार माहीत नाही तुम्हाला?"

गुरुजींनी मान डोलावली आणि तसंच लिहून घेतलं. मला त्यांचा राग आला होता. एक शब्द बोलायचा नाही का माणसानं? मी मात्र स्वतः काय बोललो होतो, ते विचारू नका.

*

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई शाळेत आली, पोरीला हाताशी धरून. बुरडपुऱ्यातली विधवा बाई, अख्ख्या बाजारात तिच्यासारखं सूप कोणी विणत नसे. पोरगी पार्बता. तिसरीत पहिली आलेली. हातात पाटी, आणि पाटीवर आधीच तारीख घालून आणलेली!

"गुरुजी, हिले चौथीत घ्या. मले हिले मास्तरीन करायची आहे. चौथी झाली का ब्रह्मपुरीच्या मिडल स्कूलात जाईन. नाई झाली तं माह्यासारखी नाल्यावर बसन."

गुरुजींनी ठरावाचा कागद काढला आणि वाचून दाखवला. मग पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा, अगदी सावकाश. मला वाटलं, बाईच्या जखमेवर मीठ कशाला चोळून राह्यले हे?

सुगंधाबाई भिंतीकडे पाहत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे जात पाहत नाईत, दारच पाहतात?"

"दारच."

"अन् पोरगी कवा आनू?"

"सोमवारी. रविवारची सुट्टी असते ना."

ती हसली. पार्बता हसली. गुरुजी हसले नाहीत, पण कागदाची घडी फार छान घातली. मी उभाच होतो, मला ढिम्म काही कळलं नव्हतं.

*

आता पाहा, दाजीसाहेबांनी सगळं पाहिलं, एक पाहिलं नाही. त्यांच्या घराला दोन हात रुंदीच्या विटांच्या भिंती. तिथं दार हलवायचं म्हणजे मिस्त्री, सुतार, मुहूर्त, दोन महिने. बुरडपुऱ्यात भिंती कशाच्या? कुडाच्या! बांबूच्या कामट्या विणायच्या, वरून माती-शेणाचा गिलावा. आणि राहणारी माणसं कोण? ज्यांचा धंदाच बांबू विणण्याचा!

रविवारी उघाड होती. सकाळी कोयते निघाले. सडकेकडच्या भिंतीला चौकोन कापायचा, त्याला बांबूची ताटी लावायची, नाल्याकडचं जुनं दार विणून लिपून बंद. जेवणाच्या वेळेपर्यंत अर्धी ओळ फिरली, दिवे लागायच्या आत पुरी. सोमवारी सकाळी सडकेवरून पाहिलं तर काल जिथं नुसत्या पाठी होत्या, तिथं बावीस दारं! दारात बाया, बायांच्या पुढं तेल चोपडलेली पोरं.

खरी मजा मंगळवारी झाली. बुरडपुऱ्यातला बुधा नावाचा म्हातारा पंधरा दिवस जंगलात बांबू तोडायला गेला होता. तो आपल्या नेहमीच्या वाटेनं नाल्याकडून आला. दार नाही. भिंतीला हात लावत लावत शेजाऱ्याकडे गेला, तिथंही दार नाही. त्याच्या शेजाऱ्याकडे, तिथंही नाही. म्हातारा नाल्याकाठी मटकन बसला आणि ओरडला, "अरे, कोनी आहे का? मी मेलो का तुमी मेले?"

सून सडकेकडून धावत आली. "मामंजी, घर फिरवलं ना आपुन! पोट्टे मोठ्या शाळेत जाऊन राह्यले!"

बुधानं उठून धोतर झटकलं. मग म्हणाला, "मंग मले कोन शाळेत घालता का? मीबी सडकेनंच येतो उद्यापासून."

*

वर्गात पोरं येऊन बसली. आमच्याकडे बाकं नव्हती, प्रत्येकानं घरून आपापलं बसकर आणायचं. बाळूचं मखमली, वकिलाच्या पोराचं सतरंजीचं. आईबापांनी शिकवून पाठवलं होतं, तिकडच्यांना लागून बसायचं नाही. पोरं बिचारी आज्ञाधारक. मधे एवढी जागा सोडली की तिथून बैलबंडी गेली असती.

तिसऱ्या दिवशी पार्बता बगलेत एक गुंडाळी घेऊन आली. उघडली तर बांबूची चटई! आईनं विणलेली, काठाला लाल-काळी नक्षी, लांबी इतकी की दहा पोरं बसावीत. तिनं ती वर्गाच्या मधोमध त्या मोकळ्या जागेत पसरली आणि एका टोकाला जाऊन बसली.

उकाडा असा होता की विचारू नका. मखमलीवर बाळू घामानं भिजून राह्यला आणि चटईवरची पोरं मस्त! पहिल्या तासाला बाळूनं एक गुडघा चटईवर ठेवला. दुसऱ्या तासाला दुसरा. पाढे संपेपर्यंत साहेब अख्खे चटईवर, आणि मखमली बसकर उशीसारखं डोक्याखाली घेतलं होतं.

संध्याकाळी दाजीसाहेबांचा माणूस चिठ्ठी घेऊन शाळेत आला. मी उघडली. लिहिलं होतं, "बाळू जेवत नाही. तसली एक चटई पाठवणे."

गुरुजींनी खाली उत्तर लिहिलं, "विणणारणीचं दार सडकेकडे आहे. आपण स्वतः जाऊन सांगावे."

*

दाजीसाहेब गेले नाहीत, भडकले. आणि भडका उडाला तो माझ्यावर! मला वाड्यावर बोलावलं आणि फर्मान सोडलं. बुरडपुऱ्यात जा, कोणतं दार जुनं आणि कोणतं नवं त्याची यादी करा. तुम्ही अजून पक्के झाले नाहीत नोकरीत, हे लक्षात ठेवा.

गेलो. काय करणार? घरी म्हातारी आई होती. वही घेऊन पहिल्याच घरी विचारलं, "हे दार केव्हापासून?"

"आज्याच्या काळापासून जी."

दुसऱ्या घरी, "पणज्याच्या काळापासून." तिसऱ्या घरी तर एका बाईनं मला तिचं लग्न त्या दारातून कसं झालं, नवरदेव चौकोनात कसा अडकला, हे इतकं रंगवून सांगितलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दार बरोबर नऊ दिवसांचं!

सुगंधाबाईकडे पोचलो तेव्हा पाय दुखत होते. टेकायला म्हणून दाराशेजारच्या भिंतीवर तळहात ठेवला, तर तो आत रुतला! पावसाळी हवेत गिलावा अजून ओलाच. मी हात काढला, माझी पाच बोटं भिंतीवर स्वच्छ उमटलेली.

सुगंधाबाई शांतपणे तांब्या घेऊन आली. "हात धुवा मास्तर. आज्याच्या काळची माती लागली तुमाले."

मी हात धुतले. चहा घेतला. पार्बता समोर बसून सतराचा पाढा म्हणत होती, तो ऐकला. मग वहीत बावीस घरांपुढं लिहिलं, 'दार जुने.' आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं आणि खरं सांगतो, त्या दिवशी जेवण फार गोड लागलं.

*

दाजीसाहेब काही कच्चे नव्हते. त्यांनी पुन्हा मीटिंग भरवली आणि ठरावाला शेपूट जोडलं. दार म्हणजे लाकडी चौकट आणि लाकडी कवाड असलेलं. बांबूच्या ताटीला दार समजू नये. शनिवारी शाळांचे डिप्टीसाहेब तपासणीला येणार, ते स्वतः घरं पाहतील आणि चौथीचं रजिस्टर त्याच दिवशी बंद करतील.

यावेळी बुरडपुऱ्याचे कोयते कामाचे नव्हते. गावाभोवती चारी बाजूंनी सागवानाचं जंगल, पण एक काडी तोडायची तर जंगलखात्याचा पास पाहिजे. तो पास येईपर्यंत पार्बताची नातवंडं चौथीत जातील! गावात सुतार एक, तोही दाजीसाहेबांचं कूळ.

लहान पोरांचं एक वेळ चाललं असतं, त्यांना नाल्याची शाळा तरी होती. पण चौथीच्या सात पोरांना दुसरी शाळाच नाही. शुक्रवारी सुगंधाबाई गुरुजींकडे आली. रडली नाही. म्हणाली, "आमी भिंती फिरवल्या गुरुजी. लाकूड कुठून आनू?"

पार्बता पायरीवर बसून मराठीचं पुस्तक पाठ करत होती. उद्यानंतर ते परत करावं लागेल म्हणून सगळं आजच पाठ करून ठेवत होती.

गुरुजी आपल्या राहत्या घराकडे पाहत होते. मातीचं घर, सडकेवर. दाराला सागवानी चौकट, हिरवा रंग दिलेलं कवाड. ते म्हणाले, "सुगंधाबाई, कामटी आहे का हो एखादी? या दाराचं माप घ्या बरं."

*

आता शनिवार.

डिप्टीसाहेब नागपूरकडून आले. कोट, टाय, सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि भाषा अशी शुद्ध की ऐकणाऱ्याला जागच्या जागी उभं राहावंसं वाटावं. सोबत दाजीसाहेब. मागं मी, रजिस्टर घेऊन. गुरुजी शाळेतच थांबले. त्यांच्या घरासमोरून गेलो तर दाराच्या जागी भगदाड आणि भगदाडात काकू, म्हणजे गुरुजींची बायको, हातात काठी घेऊन बकऱ्या हाकलत बसलेल्या. डिप्टीसाहेबांनी पाहिलं, नमस्कार केला आणि काही विचारलं नाही.

पहिलं घर. सडकेकडे दार, सागवानी चौकट, हिरवं कवाड. "उघडून दाखवा," साहेब म्हणाले. उघडलं, लावलं. मी रजिस्टरात खूण केली. दाजीसाहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

दुसऱ्या घराकडे निघालो तशी मी पावलं सावकाश टाकायला लागलो. कारण मला माहीत होतं, या क्षणी मागच्या बाजूनं आमचा चपराशी फागो आणि बुरडपुऱ्याच्या चार बाया ती चौकट उपटून, डोक्यावर घेऊन, नाल्याकाठच्या वाटेनं धावत आहेत. सातही घरांत कामटीच्या मापानं भगदाडं कापून तयार होती. चौकट बसवायची, दोन पाचरी ठोकायच्या, वरून ओली माती फासायची. पण वेळ पाहिजे! मी वाटेत रजिस्टर उघडून पोराचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, सगळं मोठ्यानं वाचत सुटलो.

साहेबांनीही काही घाई केली नाही. एका घरापुढं टोपलीचं बूड कसं धरतात ते पाहत बसले. दुसरीकडे पाणी मागितलं. आणि प्रत्येक घरी आम्ही पोचलो की तेच हिरवं दार!

चौथ्या घरी दाजीसाहेबांचा धीर सुटला. "साहेब, हे तेच दार आहे! तो खालचा पोपडा पाहा. पहिल्या घरीही होता!"

साहेबांनी वाकून पोपडा पाहिला. "आपल्या ठरावात प्रत्येक दार निराळं असावं, असं कलम आहे काय?"

"नाही, पण..."

"मास्तर, खूण करा."

पाचवं घर झालं. सहाव्याला दार थोडं तिरपं होतं आणि कवाडामागून कोणीतरी जोरजोरात धापा टाकत होतं. साहेब म्हणाले, "घरात कोणाला दमा आहे वाटतं. काळजी घ्या." मी खूण केली.

राहिलं सातवं. सुगंधाबाईचं. आणि इथं घात झाला. सहाव्या आणि सातव्या घराच्या मधे मोकळं पटांगण. आडोसा नाही, झाड नाही, नाल्याकडची वाटही तिथं चढून पटांगणातच येते. आम्ही पटांगण ओलांडून सुगंधाबाईच्या दारात पोचलो, आणि मी मागं वळून पाहिलं, तर सहाव्या घराच्या कोपऱ्यावर फागो आणि बाया चौकट धरून थिजल्या होत्या. निघाल्या असत्या तर सगळ्यांच्या नजरेत.

समोर नुसतं भगदाड. भगदाडात सुगंधाबाई आणि पार्बता. पोरीच्या हातात पाटी होती, ती तिनं छातीशी घट्ट धरली होती.

दाजीसाहेबांना जणू गुप्तधन सापडलं. "पाहा साहेब! आता पाहा! कुठं आहे चौकट? कुठं आहे कवाड? लिहा मास्तर, दार नाही! काटा पोरीचं नाव!"

मी टाक उचलला नाही. उचलू शकलोच नाही. सुगंधाबाई साहेबांकडे पाहत होती.

डिप्टीसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. पटांगणापलीकडे कोपऱ्यावर हिरवं काहीतरी दिसत होतं, तिकडे नीट पाहिलं. मग दाराजवळ बांबू फोडायचा दगड आणून ठेवला होता, त्यावर कोटासकट बैठक मारली, टाय सैल केला, खिशातून तंबाखूची डबी काढली आणि दाजीसाहेबांसाठी शेजारची जागा हातानं झटकली.

"बसा ना जी, दाजीसाहेब. काऊन घाई करून राह्यले? दार येऊन राह्यलं."